नाना पेठेतला लेथवाला : काम चोख, वेळेच्या नावानं बोंब

पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो "बुधवारी या" ह्या दोन शब्दांपायी, त्याबद्दल खाली सविस्तर रडणार आहेच. पण पुण्यात जुन्या इंजिनाचे हरवलेले भाग लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, नवे करून देणारा माणूस अजून आहे हे मला माहीतच नव्हतं, आणि माझा जन्म सदाशिव पेठेतला, म्हणजे पुण्यातलं आपल्याला काही माहीत नाही हे लिहून द्यायला हाताला किती जड जातंय ते समजून घ्या.

झालं असं की मामाचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. माळा रिकामा करताना बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात, आजीच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक इंजिन निघालं. खेळण्यातलं म्हणावं तर हाताला चांगलं जड, पुढं चार छोटी चाकं असायची जागा, मागं चार मोठी, पितळेचा बॉयलर आणि काळा पडलेला मरून रंग. मामा लगेच म्हणाला, अगं ही तर डेक्कन क्वीन! आमच्या घरात कुठलीही जुनी रेल्वे डेक्कन क्वीनच असते. ती १ जून १९३० ला सुरू झाली तीच मुळी विजेच्या इंजिनावर, पण हे मामाला सांगायला मी गेले नाही, वाडा जायचं दुःख आधीच होतं.

डब्याच्या तळाला घडीवर फाटलेला छापील कागद होता त्यावरून कळलं की हे बोमन कंपनीचं. इंग्लंडमधल्या नॉरफोकात डेरेहॅम नावाचं गाव आहे तिथं १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढं १९३० च्या दशकात ही इंजिनं बनायची. खरोखर वाफेवर पळणारी बरं का, चावीची नाहीत. खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, वर पाणी उकळतं, वाफ दोन सिलिंडरमध्ये जाते, झालं. गेज ओ, म्हणजे रुळातलं अंतर ३२ मिलीमीटर. पणजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, १९४७ ला साहेब मायदेशी जाताना देऊन गेला असं आजी सांगायची. देताना पूर्ण दिलं असेल, पण आमच्या तीन पिढ्यांतल्या पोरांनी हात साफ केल्यावर जे उरलं त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, स्पिरिटचा दिवा नाही, पुढच्या छोट्या चाकांची एक जोडी नाही, डाव्या सिलिंडरची स्प्रिंग आणि नट नाही, आणि समोरच्या धक्का झेलणाऱ्या दोन बफरपैकी एक गायब.

पोरगा आठवीत आहे. लहान असताना त्याला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला इतक्या वेळा नेलंय की तिथले खांब पण तोंडपाठ झालेत, त्यामुळं हे बघितल्यावर तो हट्टालाच पेटला की हे चालवायचं. शोकेसमध्ये ठेवायचं नाही, चालवायचं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं सगळा खर्च त्यावरच ठरतो.

आधी जिथं गेले त्या दुकानाचं नाव घेत नाही. "मॅडम एकदम नवीन करून देतो" म्हणाले तेव्हाच उठायला हवं होतं. मी पार्किंगचं बघून येईपर्यंत त्यांनी बॉयलरची एक पट्टी बफिंगच्या चाकावर धरली होती, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांचा रंग आणि त्यावरची बारीक पिवळी रेघ दोन मिनिटांत गेली आणि खालचं पितळ नवरीच्या मंगळसूत्राच्या वाट्यांसारखं चमकायला लागलं. वर बॉयलरच्या भोकात सहा मिलीमीटरचा, म्हणजे एम-सिक्सचा बोल्ट फिरवून "बसला बघा, ह्यालाच भोक मारून व्हॉल्व्ह करतो, आत बॉलपेनची स्प्रिंग टाकू" असं म्हणाले. मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही, पण बॉलपेनची स्प्रिंग आणि उकळतं पाणी एका वाक्यात ऐकल्यावर मी ते इंजिन उचललं आणि निघाले.

मग ऑफिसमधल्या एकाच्या सासऱ्यांनी नाना पेठेतला पत्ता दिला. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्या आहेत ना, त्यातच आत. दुकानाला बोर्ड नाही. मी नाव इथं टाकत नाही कारण काकांनीच बजावलंय, मागं कुणीतरी कुठंतरी लिहिलं आणि लोक मिक्सरची भांडी घेऊन यायला लागले. त्या भागात "जुना इंग्लिश लेथवाले" असं विचारलंत की कुणीही सांगतं. दहा बाय बारा फुटांची खोली, त्यात एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन, आणि भिंतभर बडीशेपेचे रिकामे डबे, प्रत्येकावर पेनानं काहीतरी लिहिलेलं. काका सत्तरीचे. इंजिन बघून चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, फक्त हात पुसले. मला तेवढ्यावरच जरा धीर आला.

मी त्यांना तो एम-सिक्स बोल्टचा किस्सा सांगितला. काहीच बोलले नाहीत, डब्यातून तसाच एक बोल्ट काढला आणि भोकात बोटानं फिरवला. दोन-तीन आटे छान आत गेला. मला वाटलं, म्हणजे तो पहिला बरोबरच होता की काय. मग त्यांनी बोल्टाचं डोकं दोन बोटांत धरून हलवलं आणि म्हणाले, "ऐका ताई." खड खड खड. दात पडायच्या आधी हलतो तसा. मग पिच गेज काढलं, म्हणजे बारीक दातेरी पानांचा पंखा असतो तो, एक एक पान आट्यात लावून उजेडाकडं धरून बघत गेले आणि एका पानाशी थांबले. "दोन सूत, सव्वीस आटे."

दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलीमीटर, आणि इंचाला २६ आटे, जुन्या ब्रिटिश पितळी फिटिंगमध्ये असायचे तसे. एम-सिक्सचा व्यास ६ मिलीमीटर आणि एका आट्याचं अंतर १ मिलीमीटर, ह्या जुन्या आट्याचं अंतर ०.९७७. फरक केसाएवढा, म्हणून बोल्ट आत जातो आणि माणूस फसतो, पण आट्यांची पकड नुसती टोकाटोकाला राहते आणि थंड असताना बसलेला तो बोल्ट वाफेचं प्रेशर आल्यावर कधी सुटून कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. जोरानं पिळला असता तर बॉयलरचे मूळ आटे पण गेले असते. ह्या दहा मिनिटांच्या हिशोबावर मी साडेतीन तारे तिथल्या तिथं दिले, बाकीचा एक नंतरचा.

सिलिंडरच्या पिनेवरचा नट हा वेगळाच आटा निघाला, बीए म्हणतात त्याला. ब्रिटिश असोसिएशन. त्याची गंमत अशी की इंग्रजी असूनही मापं मिलीमीटरमध्येच, पण आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि आपल्या नेहमीच्या मेट्रिक आट्याचा साठ, त्यामुळं बाजारातला जवळपासच्या मापाचा नट घुसवला तर तो आटे खातो. आमचा निघाला फोर बीए, ३.६ मिलीमीटर. काकांच्या वडिलांनी मीटर आणि स्विचगियरची कामं केलेली, त्यात हेच आटे लागायचे, म्हणून हे आटे पाडायच्या हत्यारांचा, म्हणजे टॅपचा, अख्खा संच एका डब्यात तेल लावून ठेवलेला. त्या डब्यावर लिहिलंय "इंग्रज".

सेफ्टी व्हॉल्व्ह त्यांनी पितळेच्या षटकोनी रॉडमधून काढला. मी समोर बसून बघितलं म्हणून सांगते, पितळेचा कीस सोनेरी पावसासारखा उडतो आणि केसात बसतो, ओढणी घेऊन जा. आत बारीक स्टेनलेसचा गोळा, त्याच्यावर स्प्रिंग, वर स्प्रिंग दाबणारा छोटा नट. प्रेशर वाढलं की गोळा उचलला जातो आणि वाफ बाहेर, म्हणजे कुकरची शिट्टीच. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "शिट्टीच. आणि सेट पण कुकरएवढाच करणार, पंधरा पौंड." घरातल्या कुकरमध्ये साधारण तेवढंच प्रेशर असतं, तेव्हा आत तापमान १२० अंशांच्या आसपास. स्प्रिंग मात्र तीन वेळा बदलली. पहिली सात पौंडाला उडाली, दुसरी पंचवीसला, तिसरीची एक कडी कापून कापून पंधरावर आणली आणि मग तो वरचा नट फिरू नये म्हणून पंच मारून बंद केला. "पोरगं फिरवणार, मला माहीत आहे."

तेच इथं वेगळं आहे, काका जे नाही तेवढंच करतात, जे आहे त्याला हात लावत नाहीत. मी म्हटलं ती बफ केलेली पट्टी चमकतेय, तिला रंग मारून टाका, तर म्हणाले राहू द्या, दहा वर्षांत आपोआप काळी पडेल. नवीन चाकांची जोडी साध्या लोखंडातून काढली, शिल्लक जोडीवरून माप घेऊन, आणि आतल्या बाजूला बारीक ठिपका पंच केला. विचारलं कशाला, तर उद्या कुणी विकत घेतलं तर त्याला कळायला नको का की मूळ कुठलं आणि माझं कुठलं? मी विकणार नाहीये हो काका. "तुमचा नातू विकेल."

दिव्याचं मात्र रामायण झालं, आणि इथं काकांची पण चूक आहे हे लिहिते. नमुना नाही, नुसती खाली अडकवायची खाच उरलेली. त्यांनी पितळी नळीची टाकी करून वर तीन वातींच्या नळ्या बसवल्या. सांधे एसी दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याकडून चांदीच्या ब्रेझिंगनं करून घेतले, कारण साधं सोल्डर १८३ अंशांच्या पुढं वितळायला लागतं आणि दिव्याच्या तोंडाशी ते टिकणार नाही, इथपर्यंत सगळं बरोबर. पण नळ्या दोन मिलीमीटर उंच झाल्या. पहिल्याच दिवशी ज्योत बॉयलरच्या कडेनं वर आली आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या रंगाला तांदळाएवढा फोड आला. मला रडूच आलं जरा. काकांनी न बोलता दिवा काढला, नळ्या कापल्या, त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, पण फोड तो फोडच. वाती म्हणून मी घरून समईच्या नेल्या होत्या, त्या भसाभस जळल्या, शेवटी रॉकेलच्या स्टोव्हच्या वातीचे तुकडे बसले, तेही फार घट्ट कोंबायचे नाहीत नाहीतर स्पिरिट वर चढत नाही. स्पिरिट पॉलिशवाल्यांचं, रंगाच्या दुकानात मिळतं ते. थिनर चुकून पण घालू नका, काजळी धरतं. आणि उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही! विझलाय असं समजून पोरानं हात घातला होता, बर्फ लावत बसलो.

सिलिंडरचं काम मला सगळ्यात आवडलं कारण ते त्यांनी पोराकडून करून घेतलं. ह्या इंजिनात सिलिंडर पिनेवर डुलतो, एका बाजूला झुकला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं आणि वाफ आत, दुसरीकडं झुकला की बाहेर जायच्या भोकासमोर. वेगळा व्हॉल्व्ह वगैरे काही नाही, ते डुलणं हाच व्हॉल्व्ह. त्यामुळं सिलिंडर आणि त्याच्या मागची पट्टी ह्यांचे चेहरे एकमेकांना आरशासारखे चिकटले पाहिजेत, नाहीतर वाफ फुसफुस मध्येच निघून जाते आणि चाक फिरतच नाही. आमचा डावा स्प्रिंग नसल्यामुळं वर्षानुवर्षं हलून हलून झिजलेला. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणायला लावला, त्यावर बाराशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवला, सिलिंडरच्या चेहऱ्यावर मार्करनं आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि पोराला सांगितलं, इंग्रजी आठचा आकडा काढत घासायचं, जोर द्यायचा नाही, सगळ्या रेघा एकदमच गेल्या पाहिजेत. मधल्या गेल्या आणि कडेच्या राहिल्या तर चेहरा अजून वाकडा. मोबाईल सोडून पोरगं पाऊण तास घासत होतं, मी व्हिडिओ काढून ठेवलाय, लग्नात दाखवणार. शेवटी नुसत्या काचेवर ब्रासो. एमरी पावडर का नाही विचारलं तर ती मऊ पितळात रुतून बसते आणि मग आयुष्यभर आतून घासत राहते म्हणाले.

वाफ धरायच्या आधी बॉयलरची टेस्ट. प्लंबर लोक बाथरूमचे पाइप तपासायला हातपंप आणतात ना घड्याळ लावलेला, तोच. बॉयलर गार पाण्यानं काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि पंधराच्या दुप्पट म्हणजे तीस पौंड देऊन दहा मिनिटं काटा बघत बसायचं. पाण्यानंच का, तर पाणी दाबलं जात नाही, सांधा सुटला तर नुसतं थेंब थेंब गळतं, हवा किंवा वाफ भरून सुटला तर तुकडे उडतात. आमचा काटा चौथ्या मिनिटाला सत्तावीसवर आला आणि मागच्या झाकणाच्या कडेला मोहरीएवढा थेंब दिसला. मला वाटलं आता तांबट आळीच्या चकरा सुरू. पण काकांनी जुनं सोल्डर साफ करून तिथल्या तिथं परत भरलं, पुन्हा तीस, पुन्हा दहा मिनिटं, काटा जागचा हलला नाही.

ह्यात एक गोष्ट नीट वाचा, कारण नेटवर बरेच जण उत्साहात विसरतात. बॉयलर सोल्डरचा आहे. आत पाणी असेपर्यंत धातू फार तापत नाही, पाणी संपलं आणि दिवा चालू राहिला तर पाच मिनिटांत सांधे वितळून खाली. म्हणून काकांनी मोजून दिलंय, इतक्या सिरिंज पाणी आणि इतकंच स्पिरिट, स्पिरिट नेहमी आधी संपलं पाहिजे. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत टाकायचं असतं ते. आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी घातलं असतं तर गीझरसारखा चुना धरला असता. तेल पण वेगळं लागतं, वाफेत टिकणारं घट्ट स्टीम ऑइल, शिवणयंत्राचं तेल चालत नाही.

पैसे? व्हॉल्व्हचे ९००, चाकांचे १२००, दिव्याचे ८००, नट-स्प्रिंगचे २५०, सिलिंडरचे "पोरानं केलं, त्याला वडापाव द्या", टेस्ट आणि सोल्डरचे ३००. एकूण ३४५० रुपये. बिल कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागं, जीपे नाही, रोख. परदेशातून तयार पार्ट मागवायचा विचार मी आधी केला होता, पण कुरिअर आणि कस्टम धरून नुसता व्हॉल्व्हच ह्याच्या बराच वर जात होता, आणि तो बसला नसता तर परत काकाच.

आता रडगाणं. "बुधवारी या" म्हणतात, कुठला बुधवार ते सांगत नाहीत. मला तीन आठवडे सांगितले होते, अकरा लागले. फोन नंबर देतात तो मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत, तो बिचारा प्रत्येकाला "बाबांना निरोप देतो" म्हणतो आणि निरोप पोचत असेल तर गणपती पावला. मी सात चकरा मारल्या, नाना पेठेत पार्किंगची काय कथा आहे ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको, एकदा गाडी टोइंगवाल्यांनी उचलली, तो दंड मी मनातल्या मनात बिलात धरलाय. मधे एकदा गेले तर आमचा सिलिंडर कुणाच्यातरी कार्ब्युरेटरच्या डब्यात सापडला. सापडला हे खरं, पण त्या पाच मिनिटांत माझं जे झालं ते झालं. तर जाणार असाल तर सुटे भाग आपल्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि आधी सगळ्याचे फोटो काढून जा. घासूनपुसून नेऊ नका, काकांना मळावरूनच कळतं काय कुठं हलत होतं. गायब भागाचा जोडीदार असेल तर तो नक्की न्या.

गच्चीवर चालवलं परवाच्या रविवारी. सुताराकडून प्लायवर अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या ठोकून आठ फुटांचा सरळ रूळ करून घेतला, शेवटी उशी. सिलिंडर एकाच बाजूनं जोर देणारे आहेत त्यामुळं कधी कधी सुरुवातीला बोटानं जरा ढकलावं लागतं. ढकललं, गरम पाण्याचे शिंतोडे उडाले, दोन-तीनदा अडखळलं आणि मग सुटलं ते थेट उशीत. मामा खुर्चीवर बसला होता. त्यानं नाक वर करून तो गरम तेलाचा वास घेतला आणि म्हणाला, बघ, म्हटलं होतं ना, डेक्कन क्वीन.

एक बफर अजून बाकी आहे. बुधवारी देतो म्हणालेत.